मामूंची जीप आणि उसना चेहरा

जुन्या जीपच्या बाजारात दोनच घराणी मानली जातात: लो बॉनेट आणि हाय बॉनेट. लो बॉनेट म्हणजे दुसऱ्या महायुद्धातली विलिस एमबी आणि तिच्या मागोमाग आलेल्या बहिणी. ठेंगणं नाक, सपाट चेहरा, युद्धपटांत हमखास दिसणारी. हाय बॉनेट म्हणजे सीजे-३बी, आपल्याकडे महिंद्राने वर्षानुवर्षं बनवलेली, तहसीलदारापासून फौजदारापर्यंत सगळ्यांनी वापरलेली. पहिलीला मान आहे आणि भावही. दुसरी जिकडेतिकडे दिसायची, म्हणून तिचं कुणाला कौतुक नाही. यातून एक धंदा उभा राहिला आहे. हाय बॉनेट जीप घ्यायची, तिचा पत्रा उतरवून भंगारात घालायचा, चेसिसवर नवी ठेंगणी बॉडी बसवायची, हिरवा लष्करी रंग मारायचा, बॉनेटवर पांढरा तारा काढायचा, की झाली 'विलिस'.

हा विषय माझ्या घरापर्यंत आला तो मरहूम मामूंच्या जीपमुळे. आमचं कामठी हे १८२१ साली कन्हान नदीकाठी वसलेल्या छावणीभोवती वाढलेलं गाव. गार्ड्स ब्रिगेडचं प्रशिक्षण केंद्र आजही इथे आहे. लष्करी गाड्यांची ये-जा बघत वाढलेल्या पोरांना जीपचं वेड असणं नवल नाही. मामूंनी त्यांची जीप एका सरकारी लिलावात घेतली होती. कागदावर साल १९६८ आहे. आता ती माझ्या मामेभावाकडे आहे आणि त्याला तिची 'विलिस' करायची आहे.

"भाईजान, लग्नात नवरदेव बसवायला या गाडीला फार मागणी आहे," तो म्हणाला. "उभी केली की लोक फोटो काढतात. अब्बांच्या जीपकडे कोण बघतं?"

त्याचं म्हणणं खोटं नाही. दोन मुलांची शाळा आहे, दुकान जेमतेम चालतं. अंगणात उभ्या असलेल्या गाडीने चार पैसे मिळवावेत असं वाटण्यात काही वावगं नाही. तरीही मी 'नको' म्हटलं. का म्हटलं, ते सविस्तर लिहितो. कारण हा प्रश्न एका जीपपुरता नाही.

आधी तांत्रिक बाजू पाहू. सीजे-३बीचं बॉनेट उंच का, हे पुष्कळांना ठाऊक नसतं. विलिसने तिच्यात 'हरिकेन' नावाचं नवं इंजिन घातलं. युद्धातल्या जीपच्या इंजिनात दोन्ही प्रकारचे व्हॉल्व्ह खाली ब्लॉकमध्ये होते. हरिकेनमध्ये हवा-पेट्रोल आत घेणारे व्हॉल्व्ह वर हेडमध्ये गेले. इंजिनाची उंची वाढली आणि ते मावावं म्हणून बॉनेट उचलावं लागलं. म्हणजे ते उंच नाक त्या गाडीच्या गरजेतून आलं आहे. मामूंच्या जीपमध्ये ते इंजिन अजून आहे. लो बॉनेट बसवायचं तर ते मावणार नाही. मिस्त्रीचा बेत असा, की इंजिन काढून दुसऱ्या गाडीचं डिझेल इंजिन घालायचं. समोरची जाळीही बदलायची, कारण सीजेच्या जाळीला सात फटी आणि एमबीच्या जाळीला नऊ. बॉडी गेली, इंजिन गेलं, चेहरा गेला. मामूंचं काय उरलं? चेसिस आणि तिच्यावरचा नंबर.

आता इतिहास. महिंद्र ही कंपनी १९४५ साली 'महिंद्र अँड मोहम्मद' या नावाने सुरू झाली. भागीदार मलिक गुलाम मोहम्मद फाळणीनंतर पाकिस्तानात गेले, तिथले पहिले अर्थमंत्री झाले, पुढे गव्हर्नर जनरलही झाले. इकडे १९४८ साली नाव 'महिंद्र अँड महिंद्र' झालं. 'एम अँड एम' ही अक्षरं मात्र तशीच राहिली. याच कंपनीने विलिसच्या जीपा इथे जोडायला सुरुवात केली आणि पुढे त्या इथेच बनवल्या. अमेरिकेत सीजे-३बीचं उत्पादन १९६८ साली थांबलं, आपल्याकडे ती त्यानंतरही बनत राहिली. मतपेट्या, पोलीस, जंगलखातं, पाटबंधाऱ्याचे इंजिनिअर, सगळे तिच्यातून फिरले. महायुद्धाची जीप ही अमेरिकेची आठवण आहे. उंच बॉनेटची जीप ही आपली आठवण आहे. तिचा चेहरा खरवडून त्यावर नॉर्मंडीचा तारा रंगवायचा, यात आपण काय मिळवतो?

मामूंच्या जीपने कुठलंच युद्ध पाहिलं नाही. तिने सुताचे गठ्ठे वाहिले. मोहल्ल्यातल्या किती बाया बाळंतपणासाठी रात्री-अपरात्री तिच्यातून दवाखान्यात गेल्या, त्याची गणती नाही. संत्र्याच्या हंगामात मागच्या बाकांवर पेट्या असायच्या. डाव्या बाजूला पायाखालच्या पत्र्याला ठिगळ आहे. मागच्या फाळक्याला पोचा आहे, तो एक लोखंडी पेटी चढवताना आलेला. ही सगळी नोंद पत्र्यावर आहे. चेसिस नंबर जपून ती नोंद जपली जात नाही.

हा रोग आपल्याकडचाच आहे असंही नाही. मोठ्या पैशाच्या जगात तो फार आधी लागला. फेरारीने १९६० ते १९६३ दरम्यान २५० जीटीई ही चार माणसांची गाडी सुमारे साडेनऊशे संख्येने बनवली. त्याच सुमारास शर्यतीसाठी २५० जीटीओ बनवली, जेमतेम तीन डझन. इंजिनाची जातकुळी एकच. पुढे जीटीओचे भाव आभाळाला भिडले. २०१८ साली एक जीटीओ लिलावात ४ कोटी ८४ लाख डॉलरला गेली. जीटीई बिचारी घरगुती, स्वस्त. मग कारागिरांनी कितीतरी जीटीई घेतल्या, त्यांची बॉडी काढली, चाकांमधलं अंतर जीटीओएवढं करायला चेसिस २० सेंटीमीटरने कापली आणि वर जीटीओच्या घाटाचा पत्रा चढवला. आज शाबूत जीटीईलाही काही लाख डॉलर मोजावे लागतात. २०१९ साली इटलीतल्या बोलोन्याच्या न्यायालयाने जीटीओच्या आकाराला कलाकृती म्हणून संरक्षण दिलं. कापल्या गेलेल्या जीटीईंना त्याचा काय उपयोग? आज जी गाडी सामान्य वाटते ती उद्याही सामान्यच राहील, हा हिशेब तिथे चुकला. हाय बॉनेटच्या बाबतीतही तो चुकेल असं मला वाटतं.

बॉडी बदलणं हेच मुळात पाप आहे, असं मी म्हणत नाही. दुसऱ्या महायुद्धापूर्वी रोल्स-रॉइस कंपनी नुसती चेसिस आणि इंजिन द्यायची. बॉडी गिऱ्हाईक आपल्या पसंतीच्या कारागिराकडून बनवून घ्यायचं आणि फॅशन बदलली की पुन्हा बदलायचं. आपल्या ट्रकांचं काय वेगळं आहे? बिनटपाची, बिनदाराची चेसिस चालवत, डोक्याला फडकं बांधून वारा खात जाणारा ड्रायव्हर हायवेवर आपण सगळ्यांनी पाहिला आहे. त्या चेसिसला बॉडी मिळते म्हणून कित्येक सुतार-लोहारांच्या चुली पेटतात.

मुंबईत याचं गाजलेलं उदाहरण आहे. २००४ साली अब्बास-मस्तान यांचा 'टार्झन: द वंडर कार' हा चित्रपट आला. त्यातली जांभळी गाडी दिलीप छाब्रियांच्या डीसी डिझाइनने टोयोटा एमआर-२ या स्पोर्ट्स कारवर बनवली होती. मूळ गाडी झाकली गेली हे खरं, पण जे वर आलं त्याने दुसऱ्या कुणाचं नाव लावलं नाही. अलिबागकडच्या चिंकारा मोटर्सने तर आणखी सरळ वाट धरली. १९५७ सालच्या लोटस सेव्हनच्या धाटणीची उघडी दोन सीटांची गाडी त्यांनी स्वतःच्या चेसिसवर बांधली, इंजिन अँबॅसडरमध्ये येणारं १.८ लिटरचं इसुझू. हौस भागली आणि कुठल्याही जुन्या गाडीचा जीव गेला नाही.

म्हणून माझ्यापुरते मी तीन प्रश्न ठरवले आहेत. मूळ पत्रा खरंच मेला आहे का, की फक्त जुना झाला आहे? जे बनणार आहे ते उद्या कुणाला हवं असेल तर परत फिरवता येईल का? आणि विकताना त्याचं खरं नाव सांगितलं जाईल का? पहिल्याचं उत्तर 'मेला आहे' असेल आणि बाकी दोन्हींचं 'हो', तर खुशाल बनवा. मीही बघायला येईन.

तिसऱ्या प्रश्नावर लोक हसतात. पण मालातला ऐब गिऱ्हाइकापासून लपवू नये, हे आपल्याला मदरशात आणि दुकानात, दोन्हीकडे शिकवलं जातं. पहिला मालक सगळं खरं सांगतो. दुसरा अर्धं सांगतो. तिसऱ्याच्या हाती जाईपर्यंत ती 'युद्धातून आलेली अस्सल विलिस' झालेली असते. खोटं कुणी एकाने बोललेलं नसतं, पण पैसे कुणाचे तरी बुडतात.

कायद्याची बाजूही पाहावी. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ नुसार कंपनीने ठरवलेल्या रचनेशी विसंगत फेरफार करता येत नाही, आणि सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये तेच ठामपणे सांगितलं. उलट जुलै २०२१ मध्ये केंद्राने विंटेज वाहनांच्या नोंदणीचे नियम आणले. ५० वर्षांहून जुनी, मूळ रूपातली, चेसिस-बॉडी-इंजिनात मोठा फेरफार न झालेली गाडी त्यात बसते. नव्या नोंदणीला २०,००० रुपये, मुदत १० वर्षं, आणि आधी नोंदलेल्या गाडीचा जुना नंबर राहू शकतो. मामूंची जीप आज या नियमाच्या दारात उभी आहे. बॉडी उतरली की ते दार बंद. अशा नोंदणीवर धंदा करता येत नाही हे खरं, पण खासगी नंबरच्या गाडीत नवरदेव भाड्याने बसवणं तसंही नियमात बसत नाही.

आणखी एक गोष्ट मनात येते, ती गाड्यांपलीकडची आहे. आमच्या गावात विणकरांची मोठी वस्ती. आजोबा-पणजोबा मागावर बसायचे. आता नातवंडं शिकली, तर काहींना ते सांगायला जड जातं. मग नसबनामा काढला जातो आणि अरबस्तानातला कुणी थोर पूर्वज त्यात अलगद येऊन बसतो. खालची चेसिस कामठीची, वरचा पत्रा मक्का-मदिनेचा. ज्या हातांनी घर चाललं ते हात झाकायचे आणि कधी न पाहिलेल्या घोडेस्वाराचं नाव लावायचं. जीपच्या बॉनेटवरचा तो पांढरा तारा पाहिला की मला हे आठवतं. मामूंची जीप मामूंची होती, एवढं तिला पुरेसं आहे.

मामेभावाने अजून ठरवलेलं नाही. डेंटरने पुढच्या महिन्याची तारीख दिली आहे. मी त्याला सांगितलं, पैशाची खरी नड असेल तर जीप आहे तशी, कागदांसकट, तिला तशीच ठेवणाऱ्याला विकून टाक. मामूंच्या आत्म्याला त्याने त्रास होणार नाही. लो बॉनेटचीच हौस असेल तर जिचा पत्रा कधीच कुजून गेला आहे अशी एखादी शोध, मी तुझ्याबरोबर फिरतो. आणि काहीही ऐकायचं नसेल, तर निदान उतरवलेला पत्रा आणि इंजिन भंगारवाल्याला देऊ नकोस. आमच्या घरामागची मागाची खोली रिकामी आहे. तिथे आणून ठेव, किल्ली तुझ्याकडेच राहू दे.