टिपणात फलटण कुठे यावं?

फलटण

चि. राणीस,

पहिल्या प्रदर्शनाच्या पुस्तिकेसाठी लिहिलेलं तुझं टिपण वाचलं. सुरुवातीला फलटण, नीरा उजवा कालवा, कालव्याखालचा ऊस आणि वरचं जिरायत माळरान. मग पॉल क्ले आणि गायतोंडे हे चित्रकार, आणि झेन. तू रंग कसा लावतेस, काय खरवडतेस, थांबतेस कधी, याला शेवटी दीड ओळ. मला हा क्रम उलटा हवा असं वाटतं. अमूर्त चित्रकाराची ओळख त्याच्या गावावरून पटत नाही आणि प्रभावांच्या यादीवरूनही पटत नाही. हे सगळं त्याने कॅनव्हाससमोरच्या कोणत्या सवयीत मुरवलं, त्यावरून पटते.

गायतोंड्यांचंच बघ. घराणं गोव्याचं, जन्म 1924 साली नागपुरात, वाढले गिरगावात, 1948 मध्ये जे. जे. कलाशाळेची पदविका घेतली. त्यांच्या प्रौढ चित्रांत यातलं कोणतं गाव बोट ठेवून दाखवता येईल? प्रभाव मात्र दाखवता येतात: सुरुवातीच्या आकृतिप्रधान चित्रांत भारतीय लघुचित्रांची रेषा, पुढे क्ले, पुढे झेन. पण क्ले तर प्रभाकर बरवे आणि प्रभाकर कोलते यांनीही मनापासून पाहिला होता, आणि तिघांची चित्रं शेजारी ठेवली तर एकाचं दुसऱ्याला कोणी लावणार नाही. एकच गुरू तीन वाटांना लावत असेल, तर वेगळेपणाचं कारण त्या गुरूत सापडायचं नाही. ते हातात शोधावं लागतं. गायतोंडे रोलर आणि पॅलेट नाइफ वापरत, थरावर थर चढवत, काढत, कागदाच्या तुकड्यांनी रंग उमटवत. वर्षाकाठी मोजकीच चित्रं करत आणि उरलेला काळ पाहण्यात, विचारात घालवत. आपल्या चित्रांना 'अमूर्त' म्हणणंही त्यांना पसंत नव्हतं. त्यांच्या कॅनव्हासवरचा उजेड या थांबण्यातून आलेला आहे. बरव्यांचा पुरावा मला त्याहून मोलाचा वाटतो, कारण तिथे परिस्थितीची कामगिरीही दिसते. ते नागावचे. 1961 पासून विणकर सेवा केंद्रात नोकरी, त्यातली काही वर्षं बनारसला; तिथे तांत्रिक प्रतिमा भेटल्या आणि त्या काळच्या चित्रांत सरळ उतरल्या. पण बरवे तिथे थांबले नाहीत. पुढे पान, घड्याळ अशा साध्या वस्तू सपाट एनॅमल रंगात, मोकळ्या अवकाशात आल्या. चित्र कसं घडतं याची वर्षानुवर्षं वहीत टिपणं करत राहिले, आणि त्यातूनच 'कोरा कॅनव्हास' झालं. ते पुस्तक तुझ्याकडे नसेल तर प्रदर्शनाआधी मिळव.

तू म्हणशील, मग फलटण काहीच नाही का? आहे, पण चित्राचा अर्थ सांगायला नाही. ओल्या आणि कोरड्या जमिनीच्या सीमेवर वाढलेल्या डोळ्याला दोन रंगांमधली कड लवकर दिसत असेल, हे मी मान्य करतो. तसं असेल तर ती कड तुझ्या चित्रात दिसेलच, आणि दिसत नसेल तर पुस्तिकेत कालवा आणून ती उगवणार नाही. दुसरा आक्षेप गावातून येईल: हे परदेशी फॅड, तालुक्याच्या माणसाला काय कळणार? पण आपल्याच जिल्ह्यात, औंधला, भवानराव पंतप्रतिनिधींनी 1938 साली उघडलेल्या संग्रहालयात राजा रविवर्म्याबरोबर हेन्री मूरचं माता आणि मूल हे शिल्पही आहे. आणि शेंदूर फासलेल्या तांदळ्यापुढे, म्हणजे न घडवलेल्या दगडी देवापुढे, हात जोडताना आपल्या माणसाने नाक-डोळे कुठे आहेत असं कधी विचारलेलं नाही. तांदळा म्हणजे अमूर्त चित्र, असा दावा मी करत नाही. त्यामागे श्रद्धा आहे, आणि चित्राला ती आयती मिळत नाही. पण हुबेहूब नसेल तर आपला डोळा अडतोच, हे म्हणणं खोटं आहे. तिसरी अडचण खरी आहे: नव्या चित्रकाराला लोक आधी 'कुठली?' असंच विचारतात. त्याला एक ओळ पुरते. जन्म, शिक्षण, गाव.

म्हणून टिपण नव्याने लिही. एकच चित्र निवड आणि पहिल्या थरापासून हात थांबेपर्यंत काय काय केलंस, काय पुसलंस, का पुसलंस, ते लिही. क्लेचं नाव तिथे आपोआप आलं तर राहू दे. छपाईला जाण्याआधी मला पाठव.

तुझा,
मामा