दोन डॉलरची सूट

अमेरिकेला जाऊन नायगारा न पाहता परत आलेल्या माणसाकडे पाहण्याची आपल्याकडे एक खास नजर आहे. काशीला जाऊन गंगेत बुडी न मारता आलेल्याकडे पाहावे, तशी. गेल्या उन्हाळ्याच्या सुट्टीत पाच आठवडे अमेरिकेत काढून मी ती नजर पदरात पाडून घेतली. माझा धाकटा भाऊ राहतो आर्कन्सॉ राज्यातल्या बेंटनव्हिल नावाच्या गावी, आणि तिथून नायगारा आपल्या साताऱ्याहून काशी असेल जवळजवळ तितकाच लांब!

ओझार्कच्या हिरव्यागार टेकड्यांत वसलेले हे गाव १९५० साली जेमतेम तीन हजार वस्तीचे होते. २०२० च्या शिरगणतीत ते ५४ हजारांवर गेले. ही सगळी करणी एका दुकानाची. वॉलमार्ट या जगड्व्याळ दुकानसंस्थेची मुख्य कचेरी इथे आहे आणि तिला माल पुरवणाऱ्या लहानमोठ्या कंपन्यांनी आपापली बिऱ्हाडे तिच्या अंगणातच थाटली आहेत. त्यांतल्याच एकीत माझा भाऊ संगणकाचे काम करतो. संध्याकाळी मैदानावर आपली पोरे क्रिकेट खेळताना दिसतात. कोथिंबीर निवडताना पाठीमागून कुणी तरी "ही जून आहे गं" म्हणते, तेव्हा आपण कुठे आहोत याचा क्षणभर विसर पडतो.

मला मात्र फार वेळ विसर पडणे शक्य नव्हते. मी एक कामगिरी घेऊन गेले होते. आमच्याकडे पोळ्या करायला येणाऱ्या बाईंनी निघण्याच्या आदल्या दिवशी रुमालात बांधलेले सहा हजार रुपये माझ्या हातावर ठेवले होते. "ताई, तिकडं मोबाईल लई स्वस्त असत्यात म्हणं. माझ्या पोरीला एक आणा. बारावीला हाय." ते पैसे किती घरच्या पोळ्या लाटून साठले असतील, याचा हिशेब मी विमानात दोनदा केला आणि दोन्ही वेळा अर्ध्यावर सोडून दिला.

गावाच्या मध्यावर एक चौक आहे आणि त्या चौकात लाल-पांढऱ्या पट्ट्यांच्या कनातीखाली एक जुने दुकान. सॅम वॉल्टन नावाच्या गृहस्थाने १९५० साली ते मांडले. आता तिथे संग्रहालय आहे. वॉल्टनसाहेबांची कचेरी जशीच्या तशी ठेवली आहे, आणि अब्जाधीश झाल्यावरही ते जी चालवीत ती १९७९ सालची फोर्डची मालगाडीवजा मोटारही. देवळात पादुका ठेवाव्यात, तशी ती ठेवली आहे.

या माणसाच्या धंद्याचे मर्म ज्या गोष्टीत आहे, ती गोष्ट जरा संकोचाची आहे. पण त्यांनी स्वतःच आत्मचरित्रात सांगितली आहे, तेव्हा मी का लाजावे? बेंटनव्हिलला येण्यापूर्वी न्यूपोर्ट गावी त्यांचे दुकान होते. तिथे बायकांचे आतले कपडे अडीच डॉलर डझनाने येत आणि डॉलरला तीन या भावाने विकले जात. न्यूयॉर्कच्या एका दलालाकडे तोच माल त्यांना दोन डॉलर डझनाने मिळाला. दुसरा कुणी असता तर त्याने जुन्याच भावाने विकून वरचा अर्धा डॉलर खिशात घातला असता. यांनी डॉलरला चार लावले! डझनामागचा नफा दीड डॉलरचा एक डॉलर झाला, पण खप असा वाढला की एकूण कमाई आधीपेक्षा जास्त झाली. पुढे १९६२ साली शेजारच्या रॉजर्स गावी पहिले वॉलमार्ट उघडले, ते याच हिशेबावर.

हे ऐकून माझा उत्साह दुणावला. जिथे सगळेच डॉलरला चार, तिथे मोबाईलही तसाच मिळेल! भावजयीला घेऊन मी एका प्रचंड दुकानात शिरले. दूरदर्शन संचांच्या पलीकडे महागडे फोन काचेच्या कपाटात कुलपाआड होते. आणि स्वस्तातले, दातांच्या ब्रशासारखे, खुंट्यांवर लटकत होते. चाळीस डॉलरच्या आतले! बाईंचे सहा हजार म्हणजे सत्तरएक डॉलर. मी दोन काढून गाडीत टाकलेसुद्धा. भावजयीने ते हळूच पुन्हा खुंटीला लावले.

"ताई, हे साताऱ्यात चालायचे नाहीत. ज्या कंपनीचं नाव वर छापलंय, तिचंच कार्ड यात चालतं. आत कुलूप असतं."

"मग स्वस्त कसले?"

"ते तुमच्या भावाला विचारा. त्याला फार आवडतं सांगायला."

त्याला खरोखरच आवडते. रात्री जेवणानंतर त्याने कागद-पेन्सिल घेतली. २००८ साली ॲपलच्या नव्या आयफोनची अमेरिकेत किंमत होती १९९ डॉलर. तो वॉलमार्टमध्ये येणार म्हटल्यावर ९९ डॉलरला मिळणार अशी आवई उठली. २८ डिसेंबरला, म्हणजे नाताळची खरेदी आटोपल्यावर, सुमारे अडीच हजार दुकानांत तो आला. भाव १९७!

"म्हणजे दोन डॉलर?" मी म्हटले. "डॉलरला चार विकणाऱ्याने?"

"अगं, तो भाव त्यांच्या हातातच नव्हता. न्यूपोर्टला दुसरा दलाल होता, इथे एकच. आयफोन तेव्हा एटी अँड टी या एकाच टेलिफोन कंपनीवर चालायचा, आणि दोन वर्षांच्या करारावर सही केली तरच त्या भावाने मिळायचा. आता मांड हिशेब."

मी मांडला. महिन्याला कमीत कमी ७० डॉलर, २४ महिने, म्हणजे १,६८० डॉलर. त्यात फोनचे १९७ मिळवले की १,८७७. कर आणि लेखी निरोपांचा आकार वेगळा. पावणेएकोणीसशे डॉलरच्या व्यवहारात दोन डॉलरची सूट! आमच्याकडचा कापडवालासुद्धा शालूवर फॉल फुकट लावून देतो.

"मग गिऱ्हाइकाला काय फरक पडला?"

"एक पडला. लहान गावांतल्या माणसाला ॲपलच्या दुकानासाठी मोठ्या शहरापर्यंत जावं लागत नव्हतं. पण खरा फरक पुढे पडला." त्याने कागद उलटा केला. २००९ पासून वॉलमार्टमध्ये 'स्ट्रेट टॉक' नावाची सेवा मिळू लागली. महिन्याला ४५ डॉलर आगाऊ, कसला करार नाही. २०१३ च्या जानेवारीत त्या सेवेवर आयफोनही आला. नवा आयफोन ५, किंमत ६४९ डॉलर.

"बापरे!"

"बापरे काय? बेरीज कर."

४५ गुणिले २४ म्हणजे १,०८०, अधिक ६४९, एकूण १,७२९. चार वर्षांपूर्वीच्या त्या १९७ डॉलरवाल्यापेक्षा १४८ डॉलरने कमी. गणित मला कधीच आवडले नाही, पण ही बेरीज मी दोनदा तपासली.

मग सकाळी दुकानात पाहिलेली एक म्हातारी आठवली. रांगेत आमच्या पुढे होती. पाव, दूध, अंडी, आणि टेलिफोनचे महिन्याचे कार्ड. पाकिटातून एकेक नोट काढून तिने पैसे मोजले. भावजय म्हणाली होती की करारावर फोन द्यायचा तर कंपन्या आधी माणसाची पत तपासतात, आणि पत नसेल तर अनामत मागतात. नोटा मोजून देणाऱ्या या बाईला कुणी काही विचारले नाही. अशांना त्या दोन डॉलरचे काय? तिला अंड्यांच्या शेजारी ते कार्ड मिळत होते, आणि पुढल्या महिन्यात पैसे नसतील तर न घेण्याची मोकळीक होती.

बाईंचे सहा हजार रुपये मी त्याच रुमालात परत आणले. त्यांना हे सगळे कसे सांगावे, याची चिंता होती. पण "तिकडचं इथं चालत नाही" एवढ्यावर त्यांचे समाधान झाले. आपल्याकडे फोन एकीकडून आणि कार्ड दुसरीकडून घेण्याची चाल आहे. (२०१७ साली दीड हजार अनामतीवर एक फोन निघाला होता, तो तेवढा जिओच्याच कार्डावर चालायचा.) तेव्हा खोक्यावर जी किंमत, ती खरी किंमत. हे वैभव आपल्या घरी आहे, याची मला कल्पनाच नव्हती.

बाईंच्या मुलीने मात्र घरबसल्या चौकशी केलेली होती. "फ्लिपकार्टवर चारशे रुपयांनी कमी आहे, मॅडम." ही फ्लिपकार्ट २०१८ साली कुणी घेतली, ठाऊक आहे? सोळाशे कोटी डॉलर मोजून सत्त्याहत्तर टक्के हिस्सा घेतला तो बेंटनव्हिलच्याच वॉलमार्टने. मला हसू आवरेना. मुलीला वाटले, मी तिच्या चारशे रुपयांना हसते आहे.

आम्ही तिघी पोवई नाक्यावरच्या एका दुकानात गेलो. बाईंनी दुकानदाराला एकच प्रश्न विचारला, "बिघडला तर तुमच्याकडंच आणायचा का?" तो म्हणाला, "माझ्याकडंच आणा, मावशी. आणि राहिलेले हजार दिवाळीनंतर द्या." मुलीने आईकडे पाहिले, आईने माझ्याकडे. मी काही बोलले नाही. बाईंनी रुमालाची गाठ सोडली.