खांद्यावरची ऊब

नागपूरची थंडी पहाटेची आणि रात्रीची. डिसेंबर-जानेवारीत उजाडण्याआधी पारा १२-१३ अंशांच्या आसपास असतो, उत्तरेचा वारा सुटला की सात-आठवर घसरतो, आणि दुपारी दोन वाजता त्याच अंगणात २८ अंश असतात. २९ डिसेंबर २०१८ ला इथे ३.५ अंशांची नोंद झाली होती. लडाखच्या माणसानं एकदा गरम कपडे चढवले की ते वसंतापर्यंत अंगावर राहतात. आपल्याला ते रोज चढवायचे असतात आणि रोज उतरवायचेही असतात. म्हणून स्वेटर, शाल, जाकीट काहीही हातात घेतलं की माझ्या मनात पहिला प्रश्न येतो, दुपारी हे कुठे राहणार?

आपल्या हिवाळ्यातलं सगळं देखणेपण या प्रश्नाशी बांधलेलं आहे असं मला वाटतं. सकाळी सातच्या बसला शोभून दिसणारी बाई बारा वाजता स्वेटर काढते, बाह्यांची कमरेला गाठ मारते किंवा तो पर्सच्या तोंडात कोंबते, आणि उरलेला दिवस निऱ्यांवर ते ओझं वागवत हिंडते. स्वेटर वाईट नसतो. त्याला दुपारची जागा नसते.

माझं आजोळ माणदेशातलं. तिथली थंडी कोरडी, बोचरी. माळावरून येणाऱ्या वाऱ्याला अडवायला झाड नाही. आजोबांचा वेष म्हणजे धोतर, पांढरी पैरण, डोक्याला पटका आणि काळी घोंगडी. धनगराच्या मेंढ्यांची लोकर, हातानं काढलेलं सूत, आणि सणगराच्या मागावरचं विणकाम. विणून झाल्यावर तिला चिंचोक्याची खळ लावून ताणून वाळवायचे. त्यानं ती ताठ होते, वाऱ्याला दाद देत नाही. नवी घोंगडी मानेला टोचते, हे खरं. पण वापरता वापरता ती मऊ होत जाते, आणि मग ती त्या एकाच माणसाची होते. आजोबांची घोंगडी दुसऱ्या कुणी पांघरली की परकी दिसायची.

पहाटे गोठ्यात जाताना तिची खोळ डोक्यावरून पार पोटऱ्यांपर्यंत. दिवस कासराभर वर आला की आजोबा खोळ सोडायचे, दोन्ही हात पसरून घोंगडी एकदा झटकायचे, तिच्या घड्या घालायचे आणि डाव्या खांद्यावर टाकायचे. या झटकण्यात एक ऐट होती. पांढऱ्या पैरणीवर ती काळी पट्टी अशी बसायची की बघणाऱ्याला वाटावं, हिचं खरं काम हेच. बांधावर बसायची वेळ आली की तीच अंथरायची, पाहुणा आला की त्याच्यासाठी तीच ओट्यावर पसरायची. चावडीवर जायचं तर चैत्रातसुद्धा ती खांद्यावर टाकल्याशिवाय आजोबा उंबरा ओलांडत नसत. ऊब नको असतानाही ज्या कपड्याला अंगावर मानाची जागा आहे, तो कपडा ज्यांनी घडवला त्यांना दख्खनची हवा पुरती कळली होती.

ऊब असते ती कपड्यात अडकून राहिलेल्या स्थिर हवेची. लोकरीचा तंतू मुळातच नागमोडी, म्हणून तंतूतंतूंत हवा अडकून बसते. शिवाय लोकर स्वतःच्या वजनाच्या जवळजवळ एक तृतीयांश बाष्प पिऊनही अंगाला ओली लागत नाही. दवात भिजलेल्या शिवारातून घोंगडी पांघरून येणाऱ्याला हे वेगळं सांगावं लागत नाही. लडाखच्या चांगथांग पठारावरच्या शेळ्यांच्या पश्मिन्यातही हेच घडतं. फरक तंतूच्या जाडीचा. पश्मिन्याचा तंतू १२ ते १६ मायक्रॉनचा, दख्खनी मेंढीचा त्याच्या दुप्पट आणि वर. म्हणून पश्मिना मुठीत मावतो आणि घोंगडीला खांदा लागतो. मला दोन्ही सुंदर वाटतात, पण माझं मन घोंगडीकडे जरा जास्त ओढ घेतं.

आईची गोष्ट साडीची, म्हणून अवघड. दसरा झाला की ती सुया काढायची. दहा नंबरवर काठ, दोन सुलट दोन उलट. मग आठ नंबरवर अंग. घरातल्या कुणाचा स्वेटर आखूड झाला की तो उसवून लोकरीची लडी करायची, कोमट पाण्यात बुडवायची आणि ओल्या लडीला खाली वजन अडकवून ती मोरीतल्या दांडीवर टांगायची. वर्षानुवर्षं टाक्यांत राहून लोकरीला पडलेले वाक वाळेपर्यंत सरळ व्हायचे. भावाचा निळा स्वेटर असा माझा झाला, आणि नंतर त्याच निळ्याचे पट्टे आईच्या स्वेटरात आले.

तिचा स्वेटर नेहमी पुढून उघडा, बटणांचा. डोक्यातून घालायचा स्वेटर साडीवर चालत नाही. पदर चुरगळतो, अंबाडा विस्कटतो. लांबी कमरेच्या हाडाशी संपली पाहिजे. त्याखाली गेला तर निऱ्या दबतात, वर राहिला तर पोट गारठतं. आई शिक्षिका होती. पदराचं काय करायचं, यावर तिच्या शाळेत शिक्षिकांच्या खोलीत दोन तट होते. काही जणी स्वेटर घालून वरून पदर घेत आणि पिन लावत. दिसायला हे फारच छान, काठपदर पूर्ण उलगडलेला. पण दुपारी स्वेटर काढायचा म्हणजे अर्धी साडी सोडायची. आईनं स्वतःची वाट काढली होती. पदर ती स्वेटरच्या आत ठेवायची आणि त्याचं टोक मागून बाहेर काढून उजव्या खांद्यावरून पुढे घ्यायची. काठ दिसायचा, पाठ झाकली जायची, आणि मधल्या सुट्टीत बटणं सोडली की स्वेटर निघायचा. तो ती चौकोनी घडी घालून हजेरीपटावर ठेवायची. वर्गात जाताना हजेरी, खडू आणि स्वेटर असं सगळं एका हातात. ती घडी मी कधी विसकटलेली पाहिली नाही.

आता घरी विणणाऱ्या थोड्या उरल्या. नागपुरात हिवाळा लागला की तिबेटी कुटुंबं स्वेटरची दुकानं मांडतात. माल बराचसा लुधियानाचा. तिबेटी लोकांची एक वसाहत आपल्या विदर्भातच आहे, आजच्या गोंदिया जिल्ह्यात, १९७२ मध्ये वसलेली नॉर्ग्येलिंग. या दुकानांत मला सगळ्यात आवडणारी वस्तू म्हणजे लोकरीचं विणलेलं, लांब बाह्यांचं पोलकं. साडीच्या आत ते बेमालूम बसतं. गडद मरून किंवा शेवाळी रंगाचं घ्यावं, सुती साडीवर ते रेशमासारखं खुलतं. दुकानातल्या बाई मराठी-हिंदी मिसळून बोलतात आणि ‘ताई, हात वर करून बघा’ म्हणतात, कारण काखेत ओढलं तर दिवसभर ओढत राहतं. फळ्यावर लिहिणाऱ्या बाईसाठी याहून चांगला सल्ला नाही. पायांत अंगठ्याचे मोजे घ्यावेत, म्हणजे चपला-सँडल सुटत नाहीत. परकराखाली थर्मल घातलं तर निऱ्यांचा घेर तसूभरही बिघडत नाही.

पुरुषांचं बरंचसं काम जाकिटानं भागतं. १९५३ च्या नागपूर करारामुळे विधिमंडळाचं एक अधिवेशन दरवर्षी इथे भरतं, आणि डिसेंबरात शहरभर जाकिटं दिसू लागतात. बिनबाह्यांचं असल्यानं दुपारीही ते फारसं जाचत नाही, हा त्याचा मोठा गुण. सकाळी स्कूटरवरून कामाला जाणारे मात्र जर्किन उलटं घालतात, चेन पाठीला, म्हणजे छातीवर वारा शिरत नाही. गेटाशी उतरल्यावर ते जर्किन काढतात, आतला कडक इस्त्रीचा सदरा सारखा करतात, केसांवरून हात फिरवतात आणि मगच आत जातात. थंडीतल्या नीटनेटकेपणाचं हे रोजचं रूप मला फार प्रिय आहे.

आणि संक्रांत. एरवी मंगलप्रसंगी काळा रंग आपण टाळतो. पौषातल्या या एका सणाला मात्र मुद्दाम काळी चंद्रकळा नेसायची. काळं कापड उन्हातला बहुतेक प्रकाश शोषतं आणि तापतं. सावलीत याचा उपयोग नाही, त्यासाठी उन्हातच यायला हवं. आणि सणही लोकांना गच्चीवरच बोलावतो. पतंग बघत उभ्या असलेल्या बाईच्या पाठीला हात लावून पाहा, कापड तापलेलं लागतं. त्यावर हलव्याचे पांढरेशुभ्र दागिने, नवी नवरी असो की बोरन्हाणाचं बाळ. ऊब आणि शृंगार एकाच कापडातून मागणारा दुसरा सण मला आठवत नाही.

मला दुःख होतं ते लॉनवरच्या लग्नांत. नागपुरातल्या डिसेंबरच्या स्वागत समारंभांना रात्री नऊला गवतावर दव पडलेलं असतं आणि बिनबाह्यांचे ब्लाउज घातलेल्या मुली हसत उभ्या असतात. थंडीत कातडीतल्या रक्तवाहिन्या आकसतात, चेहऱ्यावरचं रक्त ओसरतं, खांदे कानांकडे चढतात, कोपरं कुशीत जातात. इतक्या हौसेनं घेतलेल्या पैठणीचा मोर त्या आवळलेल्या हातांखाली दडून जातो. अंग सैल असल्याशिवाय कुठलंच वस्त्र खुलत नाही, आणि गारठलेलं अंग सैल होत नाही. आपल्या मुलींनी कुडकुडण्याला सजण्याची किंमत समजावं, हे मला मान्य नाही.

यंदा भाचीच्या मैत्रिणीचं लग्न होतं. ‘मावशी, शाल घेतली की म्हातारी दिसते गं,’ भाची म्हणाली. मी तिला माझ्या वडिलांच्या कपाटापाशी नेलं. ते शिक्षक होते. निवृत्तीनंतर सत्कारात मिळालेल्या शाली तिथे डांबराच्या गोळ्यांत पडून होत्या. एकाच्या खांद्यावर समाजानं आपल्या हातानं वस्त्र घालावं, असा मान आपण शालीलाच दिला आहे, आणि तरी त्या शाली कुणी पांघरत नाही. बहुतेक पातळ, अॅक्रिलिकच्या. एक मात्र अस्सल लोकरीची निघाली, विटकरी, बारीक काठाची. भाचीनं काळ्या मखमलीचा पूर्ण बाह्यांचा ब्लाउज शिवून घेतला. शालीची लांबट घडी घालून मी ती तिच्या डाव्या खांद्यावर सोडली, मागचं टोक पाठीवरून फिरवून उजव्या कोपरावर आणलं. मंडपात जेवणाच्या गर्दीत उकडलं तर टोक सोडायचं, शाल खांद्यावर तशीच राहते. पुन्हा लॉनवर आलं की कोपरावर घ्यायचं. आरशात बघून तिनं दुसरी पिन मागितली. मी दिली नाही. एकच लावायची, खांद्याच्या मागच्या बाजूला, ब्लाउजच्या शिवणीत. दुसरी लावली की शाल हलत नाही, आणि उतरवायची म्हटलं तर कुणाला तरी हाक मारावी लागते.