बटण चाललंच पाहिजे

जुन्या घरात ‘स्मार्ट होम’ करायला निघालात, तर पहिला प्रश्न ॲपचा नसतो आणि वायफायचाही नसतो. पहिला प्रश्न असतो, बोर्डात न्यूट्रल आहे का?

इंजिनिअरिंगच्या चार वर्षांत हा प्रश्न मला कुणी विचारला नव्हता. मी पुण्यात एका कंपनीत बॅकएंड लिहिते. विजेशी माझा संबंध लॅपटॉपच्या चार्जरपुरता. आमचं साताऱ्याचं घर मात्र १९६२ सालचं. दगड-मातीच्या दीड-दोन फुटी भिंती, लाकडी पट्टीवर खिळ्यांनी ठोकलेली वायरिंग, काळी बेकेलाइटची बटणं. आजोबा गेल्यापासून तिथे आजी एकटी राहते. वय ८१. पुण्याला यायचं नाव काढलं की ती विषय बदलते.

वायरमनकाकांनी पडवीतला बोर्ड उघडला आणि मला समजावलं, “ताई, ह्यात फेज येतो आणि बटणातून बल्बकडे जातो. न्यूट्रल वरच्या वर गेलाय, खाली उतरलेलाच नाही.” साध्या बटणाला न्यूट्रल लागत नाही, त्याचं काम नुसतं तोडणं आणि जोडणं. स्मार्ट स्विचच्या पोटात मात्र एक छोटा कॉम्प्युटर असतो. दिवा बंद असतानाही तो जागा राहायला हवा, म्हणजे त्याला स्वतःसाठी वीज हवी. न्यूट्रलशिवाय चालणारे स्विचही मिळतात. ते बल्बमधूनच थोडा करंट चोरतात. जुन्या पिवळ्या बल्बला ते कळायचं नाही, पण एलईडी बंद केल्यावरही मिणमिणत राहतो. मग बल्बच्या शेजारी एक कपॅसिटर लावायचा, हा त्यावरचा उपाय.

आम्ही तो न करता नवी वायर ओढायचं ठरवलं. एकदम नाही, एकेक खोली. पैशांमुळे हे खरंच, पण आजीमुळेही. तिच्या माजघरात एकाच वेळी शिडी, धूळ आणि अनोळखी माणसं नकोत.

आणि सगळ्यात आधी अर्थिंग. परसात खड्डा खणला, मीठ-कोळसा भरला. काका म्हणाले, “उन्हाळ्यात ह्याला तांब्याभर पाणी घालत जा.” आजीने ते तुळशीच्या पाण्याबरोबर जोडून टाकलं. मग मीटरजवळ आरसीसीबी बसवला. जाणाऱ्या आणि परत येणाऱ्या करंटमध्ये ३० मिलिअँपिअरचा फरक पडला की तो सगळं बंद करतो, कारण तेवढा करंट वाटेत कुठेतरी जमिनीत चाललेला असतो. कदाचित माणसातून. पहिल्याच दिवशी तो तीनदा पडला. शोधत शोधत न्हाणीघरापर्यंत गेलो, तर तिथल्या भिंतीत ओल खाल्लेली वायर सापडली. आजी रोज पहाटे तिथेच ओल्या पायांनी गीझर लावायची. या सगळ्या उद्योगात मी एकही सेन्सर लावला नसता, तरी तेवढ्यासाठी तो सार्थकी लागला असता.

त्यानंतर माझ्या ओळखीचा प्रांत सुरू झाला. स्वस्तातला वायफाय बल्ब घेतला, तर आज्ञा आधी कुठल्यातरी परदेशी सर्व्हरकडे जाते आणि तिथून परत येऊन दहा फुटांवरचा दिवा लागतो. इंटरनेट गेलं की दिव्याचं डोकं गेलं. साताऱ्यात इंटरनेट जातं, लाईटही जाते. म्हणून घरातच रास्पबेरी पाय बसवला आणि त्यावर होम असिस्टंट. पाउलुस स्काउटसेन नावाच्या प्रोग्रॅमरने २०१३ साली सुरू केलेला हा ओपन सोर्स प्रकल्प आहे. घराचा सगळा हिशेब घरातच राहतो. कंपनी बंद पडली तरी आपलं घर चालू.

भिंतींपुढे वायफायने माजघरातच हात टेकले. म्हणून झिग्बी. त्यातली विजेवर चालणारी उपकरणं एकमेकांचे निरोप पुढे पोचवतात, विहिरीवरच्या घागरी हातोहात घरात याव्यात तसे. पडवीतला प्लग माजघरातल्याला सांगतो, तो स्वयंपाकघरातल्याला. बॅटरीवरचे सेन्सर निरोप पुढे देत नाहीत, फक्त आपला सांगतात आणि झोपतात. म्हणून नाण्याएवढ्या सेलवर त्यांची वर्ष-वर्ष निघतात.

आजीने या सगळ्यावर एकच अट घातली, “बटण चाललंच पाहिजे.” म्हणजे काळं बटण जिथे होतं तिथेच बटण हवं आणि दाबलं की दिवा लागायला हवा. फोन नको, घराशी बोलणं नको. मला ही अट कुठल्याही डिझाइनच्या पुस्तकापेक्षा उपयोगी पडली. बल्ब साधे ठेवले, स्विच तेवढे स्मार्ट केले. कारण बरेचसे स्मार्ट बल्ब, वेगळं काही सांगितलं नसेल तर, लाईट परत आली की पूर्ण प्रकाशात लागतात. रात्री दोनला लाईट आली तर अख्खं घर लख्ख. पाण्याच्या टाकीची मोटर टाकी भरली की आपोआप बंद होते, पण शेजारचा हाताने बंद करायचा खटका तसाच आहे. पंख्यांच्या जागी बीएलडीसी पंखे आले. जुना साधारण ७५ वॅट खायचा, हा तिशीच्या आसपास. आजीची तक्रार एवढीच की त्याचा आवाज येत नाही, त्यामुळे झोप लागत नाही.

खरा वाद झाला तो कॅमेऱ्यावरून. काकांचं म्हणणं होतं की आता सगळं होतंच आहे, तर दोन कॅमेरे लावून टाक, आईकडे लक्ष राहील. त्यांची काळजी खोटी नव्हती. आदल्या वर्षी आजी परसात घसरून पाऊण तास तशीच बसून होती. आजी म्हणाली, “मी काय चोर आहे? पदर कुठे गेला ते पण आता तुम्ही मुंबईत बसून बघणार?”

मग आम्ही दोघींनी बसून ठरवलं. कॅमेरा नाही. हालचाल टिपणारे तीन सेन्सर लावायचे. ते शरीराच्या उष्णतेची हालचाल ओळखतात, चेहरा त्यांना दिसत नाही. जागा आजीने ठरवल्या : ओट्याजवळ, देवघराच्या दारात, मागच्या दारी. सकाळी आठपर्यंत तिन्ही गप्प राहिले, तर मला आणि शेजारच्या काकूंना मेसेज. आणि एक बटण तिच्या ताब्यात, ते दाबलं की दिवसभर सेन्सर बंद. “एखाद्या दिवशी कुणाला दिसायचं नसतं गं,” ती म्हणाली.

चार महिन्यांनी मी सहज ग्राफ उघडला. रोज रात्री अडीचच्या सुमाराला ओट्याजवळ हालचाल आणि साडेतीनपर्यंत शांतता नाही. रोज. आजीने मला हे कधीच सांगितलं नव्हतं आणि मला मात्र ते माहीत झालं होतं. बाबांना सांगू? काकांना सांगितलं असतं तर दुसऱ्या दिवशी डॉक्टर आणि तिसऱ्या दिवशी पुन्हा कॅमेरा. सेन्सर लावताना आमचं बोलणं झालं होतं ते पडण्याबद्दल, झोपेबद्दल नाही.

मी फोन केला आणि तिलाच विचारलं. ती थोडा वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “तुझे आजोबा शेवटी शेवटी त्या वेळेला पाणी मागायचे. अजून जाग येते. आल्यासारखी उठते, चहा करते.” आणि लगेच, “त्या वेळी पडवीतला दिवा बारीक लावता येतो का तुझ्या त्या यंत्राला? मोठा डोळ्यांवर येतो.”

पडवीतल्या स्विचला उजेड कमी-जास्त करता येत नव्हता, म्हणून तिथे एक छोटा पिवळा दिवा वेगळा लावला. रात्री बारा ते पाच, ओट्याकडे हालचाल झाली की तो लागतो. आणि होम असिस्टंट मुळात दहा दिवसांच्या नोंदी ठेवतो, त्या मी एका दिवसावर आणल्या. सकाळचा मेसेज जायला तेवढं पुरतं. तिच्या रात्रींचा ग्राफ आता निघत नाही. बाबांना तिनेच सांगितलं, पुढच्या दिवाळीत, तिला वाटलं तेव्हा.

मीटरजवळच्या खुंटीला मी एक वही अडकवली आहे. कोणत्या बोर्डात न्यूट्रल आला, कोणत्यात यायचा आहे, सेल कुठला, आणि मी नसताना काय करायचं, सगळं मराठीत. पहिल्या पानावर मोठ्या अक्षरात लिहिलंय : हा पांढरा डबा बंद केला तरी सगळी बटणं चालतात. वरच्या माडीचं वायरिंग अजून बाकी आहे. आजी म्हणते, घाई नाही, तिथे कोण झोपतंय. मी दिवाळीनंतरच्या दोन सुट्ट्या त्यासाठी ठेवल्या आहेत.