वरणातला रस्सा

चंद्रपूर, कोजागिरी

प्रिय बाई,

काल फोनवर तू हसतच सांगितलंस, की पोट्टीच्या वरणात मटणाच्या रश्श्याच्या दोन पळ्या मिसळल्या, तिला काय पत्ता लागतो! पुढचं मात्र आवाज खाली आणून सांगितलंस. दुसऱ्याच घासाला तिला वास आला, ताट सरकवून ती उठली आणि तेव्हापासून घरच्या वरणाला, भाजीला हात लावत नाही. कोरडा भात आणि जवसाची चटणी, तीही स्वतः कुटलेली. वर मलाच म्हणतेस, अक्का, तू तिला समजाव, तुझं ऐकते.

तिला काय समजवायचं? समजवायची गरज आहे ती तुला.

पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी घरचा बोकड कापला, तेव्हाच ही गोष्ट घडणार होती. पावसाळाभर त्याला पाला कोणी घातला? रात्री गोठ्याची कडी कोण लावत होतं? पंधरा वर्षांच्या पोरीनं दुसऱ्या दिवशी त्याच बोकडाची तर्री बोटं चाटत खावी, ही अपेक्षाच जबर. ती रडली नाही, भांडली नाही, फक्त म्हणाली, मी आता खाणार नाही. आपल्या घरात एवढ्या शांतपणे कुणी काही सोडल्याचं आठवतं का? बाबा खंजिरी घेऊन भजनी मंडळात जायला लागले, तेव्हाचं आठव. पशुबळी आणि दारू यांच्याविरुद्ध तुकडोजी महाराज गावोगाव भजनं करत, त्यातलं एक बाबांच्या मनात रुतलं आणि त्यांनी मटण सोडलं. मायला ते पटलं नव्हतं. आठवडाभर तिनं भांडी आपटली. पण बाबांच्या वरणात तिनं कधी काही मिसळलं नाही. त्यांचं गंज वेगळं, पळी वेगळी. तीच पळी तू माहेराहून मागून नेलीस ना?

जावईबापूंचा राग समजण्यासारखा आहे. ‘आमच्याकडं काय भटजी जन्माला आले?’ हे ते उगाच म्हणत नाहीत. ज्यांच्या ताटाला लोकांनी पिढ्यानपिढ्या नाकं मुरडली, त्यांना स्वतःच्या पोरीनं ताट सरकवलं की तेच आठवणार. त्यातून शाळेतल्या अंड्यांचं जे झालं ते ताजंच आहे. २०२३च्या नोव्हेंबरात सरकारनं पोषण आहारात आठवड्याला एक अंडं द्यायचं ठरवलं, न खाणाऱ्या मुलांना केळं. जानेवारी २०२५मध्ये त्या अंड्याचा सरकारी पैसा बंद झाला. हवं असेल तर शाळांनी लोकवर्गणी काढावी म्हणे. एका अंड्यात सहाएक ग्रॅम प्रथिनं, केळ्यात जेमतेम एक. आरमोरीच्या पुढं जंगलात जाऊन लोकवर्गणी मागून दाखवा म्हणावं! पण बाई, दुसऱ्याच्या पोराच्या ताटातलं अंडं काढून घेणं निराळं आणि पोरीनं आपल्या ताटातला तुकडा नको म्हणणं निराळं. पहिल्यावर जावईबापूंनी खुशाल चिडावं. दुसऱ्यावर चिडण्यासारखं काय आहे?

आणि सोडणं ही काही वरच्यांचीच मिरास नाही. आपल्याच मुलखात पाहा. गोंडांमध्ये कासवाला मानणारी कुळं कासव खात नाहीत; उपाशी राहतील, पण खाणार नाहीत. एटापल्ली-भामरागडकडचे माडिया शिकार करतात, मासे धरतात, पण गाईचं दूध काढायची त्यांच्यात रीत नव्हती. ते वासराचं. म्हणजे पुण्या-मुंबईचा शाकाहारी जे बिनघोर पितो, ते त्यांना खटकत होतं. कुणाला कशाची दया येईल याचा नकाशा सरकारकडं नाही. आकडे मात्र आहेत. २०१४च्या सरकारी पाहणीत महाराष्ट्रात पंधरा वर्षांवरच्या शंभरातले चाळीसेक जण शाकाहारी निघाले. सिरोंच्याला नदी ओलांडून तेलंगणात गेलं की शंभरात दोनसुद्धा नाहीत. तुझी पोट्टी या दोन मुलखांच्या मधोमध वाढते आहे, तिला दोन्हीकडचे लोक विचित्रच म्हणणार. घरानं तरी म्हणू नये.

गांधीजींची ती गोष्ट आपण शाळेत वाचली होती. राजकोटला मित्राच्या नादानं नदीकाठी चोरून बोकडाचं मटण खाल्लं आणि रात्री पोटात बोकड ओरडतोय असं वाटत राहिलं. पण त्यांनी मटण सोडलं ते बोकडासाठी नाही, आईशी खोटं बोलावं लागतं म्हणून. आईबाप आहेत तोवर नाही, पुढं मोठं झाल्यावर उघड खाऊ, असं त्यांनी ठरवलं होतं. तुझ्या घरी उलटा कारभार: पोट्टी उघड बोलते आणि आई चोरून वाढते. पुढं १९०२मध्ये मुंबईत गांधीजींचा मणिलाल विषमज्वर आणि न्यूमोनियानं पडला, तेव्हा पारशी डॉक्टरांनी अंडी आणि कोंबडीचा रस्सा द्यायला सांगितला. गांधीजींनी नऊ-दहा वर्षांच्या पोराला विचारलं. तो नको म्हणाला. पोरगा वाचला, म्हणून आपण ती गोष्ट कौतुकानं सांगतो. तापानं फणफणलेल्या लेकरावर असला निर्णय टाकणं मला आजही पटत नाही. पण एक आहे, त्यांनी विचारलं. वाटीत लपवून पाजलं नाही.

आता तुझा खरा मुद्दा. ‘अंगात ताकद कुठून येणार, दहावीचं वर्ष आहे.’ श्रावणात महिनाभर तुझ्या घरात मासळीचा वास नसतो, नवरात्रात नऊ दिवस नाही, तेव्हा कुणाची ताकद गेली? तेव्हा तू स्वतःच उपासाचे साबुदाणा-शेंगदाणे खाऊन दिवसभर धानाच्या बांधीत राबत असतेस. मग एकट्या पोरीनं सोडलं की एकदम वैद्यकशास्त्र कसं आठवतं?

खरं सांगू, पोरीनं मटण सोडल्याचं मला दुःख नाही. आपण बाकी सगळं सोडलं, त्याचं आहे. पहिल्या पावसाचा कोवळा तरोटा तू शेवटचा कधी खुडलास? काटवल आता बाजारात कोंबडीच्या भावानं मिळतं म्हणून हौसेनं आणतेस, तेच बांधावर लागलं तर बघतही नाहीस. धोप्याच्या वड्या, अंबाडीची भाजी, कुड्याची फुलं, श्रावणातली सात्यांची अळंबी, बांबूचे वास्ते! वास्ते मायच्या हातचे: बारीक काप, भरपूर पाण्यात उकळून ते पाणी फेकायचं, पुन्हा उकळायचं आणि मगच फोडणी, वरून चिरलेला हिरवा सांबार. ते पाणी का फेकायचं हे तिला कुणी शिकवलं नव्हतं, पण कच्चे कोंब बाधतात हे तिला पक्कं ठाऊक होतं. लाखोळीच्या डाळीचंही तसंच. १९६१मध्ये तिच्या विक्रीवर बंदी आली, कारण दुष्काळात महिनोन्‌महिने तिच्यावरच जगणाऱ्यांचे पाय लुळे पडले. पण धानाच्या ओल्या बांधीत टाकलेली लाखोळी आपल्याकडं घराघरांत होतीच. तिची भाजी वाळवून ठेवायचे, डाळ गरम पाण्यात भिजवून ते पाणी ओतून द्यायचे. मी लाखोळीच खाऊ घाल म्हणत नाही, गैरसमज नको. सांगायचं एवढंच, की जंगल दाराशी असलेल्या घरात आता भाजी म्हणजे बटाटा आणि डाळ म्हणजे पिवळं पाणी. ऑगस्टमध्ये कृषी विभाग रानभाजी महोत्सव भरवतो, तिथं शहरातल्या बाया फोटो काढतात आणि आपल्या बाया मंडप बघून परततात.

रागाच्या भरात फार वाहवत गेले. पण काळजी मलाही आहे, तुझ्याहून थोडी जास्तच.

मुलीचं वय वाईट. तेरा ते पंधराच्या मुलीला दिवसाला ३० मिलिग्रॅम लोह लागतं असं हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेचं म्हणणं आहे. त्याच वयाच्या मुलाला २२. मुलीला प्रथिनं ४३ ग्रॅम. भात आणि चटणीवर यातलं काही भागत नाही, तेव्हा तिचा हा रुसवा आधी मोडायला हवा. डाळ घट्ट कर. शंभर ग्रॅम तूरडाळीत बावीसेक ग्रॅम प्रथिनं असतात, पण तेवढी डाळ पातेल्यात गेली पाहिजे, नुसतं पाणी नाही. हरभरा, पोपटाच्या शेंगांचे दाणे, शेंगदाणे, सोयाबीन रोज काहीतरी. भाजीवर लिंबू पिळ, पालेभाजीतलं लोह त्यानं अंगी लागतं, आणि जेवणावर लगेच चहा देणं बंद कर. तुमच्या घरातली ती सवय जुनी आणि वाईट आहे. बी-१२ झाडपाल्यात नसतं. त्याला दूध-दही हवं, नाहीतर अंडं. अंडं खाणार का, हे तिला सरळ विचार. नाही म्हणाली तर नाही. मग दही रोज आणि डॉक्टर सांगतील तर गोळी. शाळेत आठवड्याला लोहाची निळी गोळी मिळते ती गिळते की खिशात ठेवते, तेही बघ.

आणि सिकल सेल. आपल्या जिल्ह्यांत तो किती आहे तुला माहीत आहे. धाकट्या काकाच्या घरचं तू पाहिलंस. पोट्टीची तपासणी लहानपणी झाली होती का? मला आठवत नाही आणि त्या विचारानं काल झोप लागली नाही. थकते, पाय दुखतात म्हणते, ते तू मटणाच्या खात्यावर टाकलंस. हिमोग्लोबिन, बी-१२ आणि सिकल सेल, तिन्ही तपासून घे. रिपोर्ट येईपर्यंत आपल्या मनानं लोहाच्या गोळ्यांचा मारा करू नकोस.

दिवाळीनंतर गावात मंडईची जत्रा आहे. पाहुण्यांनी घर भरेल, रात्री नाटकाला जाण्याआधी पंगत बसेल आणि कुणीतरी मामा नाहीतर काका तिच्या ताटात तुकडा टाकून हसेल. तेव्हा तुला उभं राहावं लागेल, मी तिथं नसेन. जावईबापूंना आत्ताच सांगून ठेव. बाबांची पळी बाहेर काढ, घासून पोरीच्या हातात दे आणि वरणात काय मिसळलं होतंस ते तिला स्वतःच्या तोंडानं सांग. वास तिला आला, पण तुझ्या तोंडून अजून काही ऐकलेलं नाही.

रक्त या आठवड्यातच तपास. रिपोर्ट आला की त्याच दिवशी फोन कर.

तुझी,
अक्का