नीलगिरीची बाटली

सांगली ही हळदीची पेठ असल्यामुळे असो, किंवा आमच्या घराण्याची खोड म्हणून असो, आमच्याकडे औषधाची परीक्षा नाकाने होते. वास उग्र, म्हणजे गुण हमखास! आईच्या फडताळात ओव्याचा अर्क, लवंगेचे तेल, कापूर आणि नीलगिरी या चौघांनी तीन पिढ्यांची पडशी सांभाळली. तेव्हा नातू साताऱ्याच्या एका निवासी शाळेत सहावीला निघाला, त्या वेळी सूनबाईंनी माझ्या हाती बोटभर उंचीची एक बाटली ठेवली, यात नवल नाही. “बाबा, तिथल्या सिस्टरना सांगा, रोज रात्री उशीवर दोन थेंब आणि छातीला थोडे. त्याशिवाय त्याला झोप लागत नाही.”

दुसऱ्यांची मुले सांभाळण्याची साताऱ्याची सवय जुनी आहे. कर्मवीर भाऊराव पाटलांनी १९२४ साली येथे वसतिगृह काढले. देशातली पहिली सैनिकी शाळाही १९६१ साली येथेच निघाली. अशा गावातील परिचारिका दोन थेंबांना नाही म्हणणार नाही, अशी माझी समजूत होती.

बाईंनी बाटली उजेडाकडे धरली आणि बूच न काढताच टेबलावर ठेवली. “यावर नाव नाही, प्रमाण नाही. डॉक्टरांची चिठ्ठीही नाही. मला लावता येणार नाही, आजोबा.”

मी जरा चिडून म्हणालो, “अहो, हे साधे तेल आहे. औषध थोडेच आहे?”

“साधे तेल असते, तर मी हरकत घेतली नसती.”

यावर मला उत्तर सुचले नाही. पुढे विचार करता वाटले, की यात भाषेचाही थोडा दोष आहे. घाण्यातून निघते ते तिळाचे तेल. आणि ऑस्ट्रेलियातून येऊन नीलगिरी पर्वतावर रुजलेल्या झाडाची पाने वाफेवर ठेवून जो जहाल अर्क काढतात, त्यालाही आपण तेलच म्हणतो. खोबरेल चमचाभर पोटात गेले, तर पोर फार तर तोंड वाकडे करील. नीलगिरी तेवढीच गेली, तर त्याला ग्लानी येईल, झटकेही येतील. पण नाव एक, म्हणून दोन्ही बाटल्या एका फडताळात शेजारी शेजारी बसतात.

बाई मिरजेस शिकलेल्या होत्या. डॉ. वानलेस यांनी १८९४ साली तेथे रुग्णालय उभारले, तेव्हापासून वैद्यकात मिरजेचा शब्द प्रमाण मानण्याची आम्हां सांगलीकरांची रीत आहे. अर्थात तो आपल्याविरुद्ध जात नसेल तोवरच! त्यांनी शांतपणे सांगितले, की त्या खोलीत सोळा मुले निजतात आणि त्यांतल्या दोघांना दमा आहे. उशी एकाची असली, तरी वास सोळांचा. घरी आईला एकच छाती पाहायची असते.

मग त्यांनी नोंदवही उघडली आणि सहज विचारले, “याला कधी आकडी आली होती का?”

प्रवेशाच्या कागदावर या प्रश्नापुढे माझ्याच अक्षरांत ‘नाही’ असे लिहिलेले होते.

२०२१ च्या वैशाखात सांगलीत घरोघरी रोगाची दहशत होती. आम्ही पाच वर्षांच्या त्या पोराच्या गळ्यात कापूर, ओवा व लवंग यांची पुरचुंडी बांधली होती आणि रात्री उशीवर नीलगिरी शिंपडत होतो. एका रात्री तापात त्याचे डोळे फिरले, हातपाय ताठ झाले. डॉक्टरांनी तापाची आकडी म्हणून सांगितले आणि ती पुन्हा कधी आली नाही. पुरचुंडीविषयी कोणी विचारले नाही, आम्हीही सांगितले नाही. पुढे प्रवेश हुकेल, आणि पोराच्या नावाला ‘फेफरे’ हा शब्द जन्माचा चिकटेल, या भीतीने मी ‘नाही’ लिहून टाकले.

मी ते सारे सांगितले. सांगताना माझी नजर त्या बाटलीवरच होती.

बाई रागावल्या नाहीत. “पुरचुंडीमुळेच झाले, असे मी म्हणणार नाही. तापानेही होते. पण ज्याला एकदा आकडी येऊन गेली, त्याच्याजवळ कापूर आणि नीलगिरी नको.” बंगळूरच्या सेंट जॉन्स रुग्णालयातील डॉक्टरांनी असे रुग्ण पाहून तसे नोंदवलेही आहे, हे मी नंतर वाचले. बाईंनी माझा ‘नाही’ एका रेघेने खोडला, शेजारी तारीख घातली, आणि डॉक्टरांचे जुने कागद आठ दिवसांत पाठवण्यास बजावले.

मी उठलो तेव्हा त्यांनी विचारले, “आई छाती चोळते, की पाठही?”

“पाठही.”

“मग खोबरेल पाठवा. थोडे दिवस मी चोळून पाहीन. त्याला झोप तेलाने लागते की चोळण्याने, ते कळेल.”

गावोगावच्या शाळांत अशी बाई नसतेच. २०१३ साली सुरू झालेल्या राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचे पथक येते, मुले तपासते आणि जाते. रात्री उशीशी कोण बसते, हे त्याला कोठून दिसणार?

परतीच्या गाडीत बाटलीचे बूच सैल झाले आणि सदऱ्याचा खिसा भिजला. सूनबाईंना आधी काय सांगावे, बाटलीचे की कागदाचे, याची जुळवाजुळव मी करीत होतो. कराडच्या स्थानकावर शेजारच्या गृहस्थांनी नाक उडवीत विचारले, “पडसे झालंय का हो?”

मी ‘हो’ म्हणालो.