कापडाची ताकद, रेझिनचं ओझं

मॉडेल विमानाच्या पंखावर काचेचं कापड चढवताना माझा बहुतेक वेळ रेझिन काढून घेण्यात जातो. लावायला काही मिनिटं पुरतात. नव्यानं शिकायला येणाऱ्या मुलांना हे आधी पटत नाही. जास्त रेझिन म्हणजे जास्त मजबुती, असं त्यांना वाटतं.

आमच्या देवगाव फाट्याला धावपट्टी नाही. जिंतूर, मंठा आणि सेलूकडची वाहनं इथं वळतात, आणि डांबर सोडलं की काळी जमीन सुरू होते. मॉडेल उडवायचं ते पीक निघाल्यावर, मोकळ्या रानात. उतरताना पंखाच्या पुढच्या कडेला कधी ढेकूळ लागतं, कधी तुरीचं धसकट, कधी पऱ्हाटीचा बुडखा. बाल्साचं लाकूड घनमीटरला साधारण दीडशे किलोचं, नखानं दाबलं तरी खड्डा पडतो. वरची प्लास्टिकची फिल्म दिसायला देखणी, पण धसकटापुढं तिचं काही चालत नाही. म्हणून कापड.

हे कापड टाक्या आणि कूलर बनवणाऱ्यांकडच्या मॅटसारखं नसतं. ती मॅट चौरस मीटरला 300 किंवा 450 ग्रॅमची. आपलं कापड 25 ग्रॅमचं, फुंकर मारली तर उडणारं. दीड मीटर लांब आणि पाव मीटर रुंद पंख धरा. वरची-खालची बाजू मिळून पाऊण चौरस मीटर भरते, म्हणजे कापड जेमतेम 19 ग्रॅम. रेझिन तेवढंच ठेवलं तर सगळं मिळून 40 ग्रॅमच्या आत बसतं. हात सैल सुटला आणि रेझिन तिप्पट झालं, तर वजन 75 ग्रॅमपर्यंत जातं आणि त्या वाढीतून ताकद जवळपास काहीच मिळत नाही. ताण झेलतात काचेचे धागे. त्यांना जागेवर धरून ठेवणं आणि लाकडाशी बांधणं एवढंच रेझिनचं काम.

ताण कुठं येतो हे समजलं की कापड कुठं हवं तेही समजतं. उडताना पंख वर वाकतो. खालची कातडी ताणली जाते, वरची दाबली जाते आणि सगळ्यात जास्त भार मधल्या सांध्यावर येतो. उंची न सोडता 60 अंश कलून वळण घेतलं तर पंखावरचा भार थेट दुप्पट होतो. म्हणून मधोमध 50 ग्रॅमच्या कापडाची जादा पट्टी देतो, तिच्यावर थोडी अरुंद दुसरी. दोन्हींच्या कडा एकाच रेषेत येऊ द्यायच्या नाहीत, नाहीतर पंख नेमका त्या रेषेवर मोडतो.

पिळाचं गणित वेगळं. पंख पिळला जाऊ नये म्हणून धागे 45 अंशांत हवेत. असं कापड कापायला मी फाट्यावरच्या टेलर मास्तरांकडून शिकलो. ‘उरेब काप, म्हणजे गोलाईवर चुणी पडणार नाही,’ ते म्हणाले होते. ब्लाउजच्या गळ्याला लागू पडणारी गोष्ट पंखाच्या टोकालाही तंतोतंत लागू पडते.

कापड कोरडंच अंथरायचं, मऊ ब्रशनं मधून कडेकडे सारत. मग मध्यावर इपॉक्सी रेझिनची धार सोडून जुन्या एटीएम कार्डानं ती पसरवायची. पांढरं कापड बघता बघता पारदर्शक होतं आणि खालच्या लाकडाचे रेषे उमटतात. तो क्षण मला अजूनही फार आवडतो. पण काम तिथं संपत नाही. टॉयलेट पेपरची गुंडाळी पंखावरून फिरवत जादा रेझिन शोषून घ्यायचं. पृष्ठभाग चकाकत असेल तर रेझिन अजून जास्त आहे. विणीचा पोत दिसू लागला आणि चमक मावळली की थांबायचं.

थर्माकोलच्या पंखाला पॉलिएस्टर रेझिन चालत नाही, त्यातलं स्टायरीन थर्माकोल विरघळवून टाकतं. तिथं इपॉक्सीच हवं. आमच्याकडच्या उन्हाळ्यात इपॉक्सीशीही घाई करावी लागते. मिश्रण स्वतःच उष्णता सोडतं आणि खोल वाटीत ती कोंडून राहते, म्हणून पसरट ताटलीत, पहाटेच्या गारव्यात, थोडं थोडं कालवायचं. पावसाळ्यात दमट हवेमुळं वर तेलकट पापुद्रा धरतो. तो कोमट पाण्यानं पुसल्याशिवाय दुसरा हात द्यायचा नाही. घासताना मास्क हवाच, काचेची धूळ फुफ्फुसात जायला नको.

बाल्सावर काचेची कातडी चढवण्याची ही रीत फक्त मॉडेलवाल्यांची नाही. श्टुटगार्टच्या विद्यार्थ्यांच्या गटातून तयार झालेलं फिनिक्स ग्लायडर याच जोडीचं होतं आणि 1957 मध्ये ते माणूस घेऊन उडालं. त्याआधी दुसऱ्या महायुद्धात ब्रिटिशांच्या लाकडी मॉस्किटो विमानावर मादापोलम नावाचं तलम सुती कापड ताणून चिकटवत. मादापोलम हे आंध्रात नरसापूरजवळचं, गोदावरीच्या मुखाकडचं गाव. तीच गोदावरी आमच्या जिल्ह्यात गंगाखेडवरून वाहते, आणि कापूस तर आमच्या शिवारातही पिकतो. मुलांना हे सांगितलं की ती हातातल्या कापडाकडे जरा वेगळ्या नजरेनं बघतात.

रेझिन पक्कं झालं की दोन्ही पंख वेगवेगळे तोलायचे. किराणा दुकानाचा काटा इथं उपयोगाचा नाही, सोनाराचा लागतो. डावा-उजवा फरक दोन ग्रॅमपेक्षा जास्त निघाला, तर जड बाजूला टोकाकडून पाण्याचा पेपर मारायचा. मध्यापासून दूर असलेला ग्रॅम विमानाला जास्त कलवतो, त्यामुळं टोकाचा हलका केलेला एक ग्रॅम सांध्याजवळच्या कित्येक ग्रॅमांच्या तोडीचा ठरतो. धागा दिसू लागला की मात्र पेपर बाजूला ठेवायचा.